सीमाभागातील इगर्जीच्या मराठी शाळेचा इतिहास लिहिताना काय जमवावे आणि काय छापावे?

प्रश्न : मलप्रभाकाठ

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावात इगर्जीच्या (चर्चच्या) आवारात एक मराठी शाळा आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा शाळा या पट्ट्यात आणखीही आहेत आणि इथे मिळणारी उत्तरे त्यांनाही उपयोगी पडावीत अशी माझी इच्छा आहे. प्रारंभी ही शाळा चॅपेलला लागून असलेल्या एका खोलीत भरे. आठवडाभर तिथे बाराखडी आणि पाढे चालत आणि रविवारी त्याच बाकांवर दोतोर्न (ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा वर्ग) होई. शिकवणारे मास्तर एकच असत आणि इगर्जीची घंटा वाजवण्याचे कामही त्यांच्याचकडे असे. पुढे सातवीपर्यंतचे वर्ग झाले, ग्रँट मिळू लागली, सिस्टर आल्या. आज त्याच आवारात इंग्रजी माध्यमाची दुमजली इमारत उभी आहे आणि तिथल्या प्रवेशासाठी लोक शिफारशी घेऊन येतात. मराठीच्या पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र एकाच खोलीत बसवण्याची वेळ आली आहे.

पॅरिशच्या, म्हणजे इगर्जीच्या क्षेत्रातील कॅथलिकांच्या, समितीने शाळेची स्मरणिका काढण्याचे ठरवले असून मजकूर जमवण्याचे काम माझ्याकडे आणि आणखी दोघांकडे सोपवले आहे. आतापर्यंतच्या आराखड्यात सर्व फादरांची कालानुक्रमे छायाचित्रे, बिशपांचा संदेश, देणगीदारांची यादी आणि परदेशी स्थायिक झालेल्या डॉक्टर-इंजिनिअर माजी विद्यार्थ्यांची मनोगते एवढेच आहे. ते सारे असावे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु एवढे वाचून परक्या माणसाला ही शाळा काय होती ते कळणार नाही, असे मला वाटत राहते. वर्गात बसणारी निम्म्याहून अधिक मुले कॅथलिक नव्हतीच; ती मराठ्यांची, लिंगायतांची, मुसलमानांची आणि डोंगराकडच्या वाड्यांवरील धनगर-गवळ्यांची होती. कॅथलिक मुले घरी कोंकणी बोलत, शाळेत मराठी लिहीत आणि तालुक्याच्या कचेरीत गेली की कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारा माणूस शोधत. या सगळ्याचा स्मरणिकेत मागमूस नाही.

म्हणून विचारतो की, अशा शाळेचा वारसा नेमका कुठे शोधावा आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे पाहावीत? शिवाय समितीतील तरुण मंडळींना स्मरणिका इंग्रजीत, फार तर इंग्रजी आणि कोंकणीत हवी आहे, तर जुन्या विद्यार्थ्यांना ती मराठीतच हवी आहे. यावर गावात थोडी कटुताही आली आहे. जाणकारांनी आपले मत सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, टिळकवाडी

मी कॅथलिक नाही आणि इगर्जीच्या शाळेत शिकलेलोही नाही. परंतु माझी सारी नोकरी एका अनुदानित मराठी शाळेच्या दप्तराशी बांधलेली होती, त्यामुळे आपल्या कागदपत्रांच्या प्रश्नाबद्दल अधिकाराने काही सांगू शकेन.

मनोगते शेवटी मागवा आणि जनरल रजिस्टर आधी उघडा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ते कायमस्वरूपी जपावे लागते, म्हणून इतर सारे दप्तर रद्दीत गेले तरी ते बहुधा सापडते. त्यातील रकाने आपल्याला ठाऊक असतीलच : मुलाचे नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेरा. यातील ‘सोडण्याचे कारण’ हा रकाना मला सर्वांत बोलका वाटतो. ‘शेतीकाम’, ‘परगावी गेला’, ‘लग्न’, ‘सतत गैरहजर म्हणून नाव कमी केले’ अशा दोन-तीन शब्दांच्या नोंदी एका ओळीने वाचत गेलात की मुली कोणत्या इयत्तेत गळत होत्या, कोणत्या वाडीतील मुले भातलावणीला बाहेर पडत आणि पुन्हा येत नसत, कोणत्या काळात अख्खी कुटुंबे मुंबईला किंवा गोव्याला निघून गेली, हे आपोआप दिसू लागते. माजी विद्यार्थ्यांच्या मनोगतांत शाळा पूर्ण केलेल्यांचाच आवाज असतो. अर्ध्यावर गेलेल्यांची साक्ष फक्त या रकान्यात मिळते, आणि आपल्या भागात अर्ध्यावर गेलेले नेहमीच अधिक होते.

दुसरे म्हणजे शेरेबुक. तपासणीला येणारे साहेब त्यात आपला अभिप्राय लिहीत. १८५४ च्या चार्ल्स वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. शाळा कोणत्या धर्माची आहे हे न पाहता, ती ऐहिक शिक्षण चांगले देते का आणि सरकारी तपासणी मान्य करते का, एवढे पाहून ग्रँट द्यावी, असे ते तत्त्व होते. मिशनऱ्यांच्या शाळांना त्याचा मोठा आधार मिळाला. बेळगावच्या कॅम्पातील सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ साली निघाले, म्हणजे त्याच्या अवघ्या दोन वर्षांनी. छावणीतल्या त्या इंग्रजी शाळेची आणि आपल्या गावच्या एका खोलीच्या मराठी शाळेची योग्यता, पैसा आणि विद्यार्थी यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. दोन्हींना सरसकट ‘मिशनरी शाळा’ म्हणून एका परिच्छेदात बसवण्याची चूक स्मरणिकांत फार होते, ती कृपया टाळावी. ग्रँटच्या मागे आलेली तपासणी मात्र दोघींनाही लागू होती, आणि म्हणून फादरांनी आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या गौरवपर अहवालांपेक्षा तपासनिसाच्या तिरकस शेऱ्यांवर माझा अधिक विश्वास आहे. ‘भूगोल कच्चा, कवितापाठांतर उत्तम, खोलीत उजेड अपुरा’ अशा धाटणीचा एखादा शेरा मिळाला तर तो छायाचित्रासह छापा.

शेरेबुकात आपल्याला सीमाप्रश्नही दिसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. शाळा जागची हलली नाही, मास्तर तेच राहिले, फळ्यावरची अक्षरेही तीच राहिली. पण खाते बदलले, नमुने बदलले, परीक्षा बदलल्या आणि हळूहळू शेऱ्यांची भाषाही बदलली. जुने मास्तर मुंबई इलाख्याच्या पद्धतीने व्ह. फा. (व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा) झालेले असत. नव्या राज्यात त्यांना कन्नड परीक्षा द्यावी लागली का, त्यांची सेवाज्येष्ठता कशी मोजली गेली, पाठ्यपुस्तके कुठून येऊ लागली, याचा माग पगारपत्रके आणि खात्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या स्थळप्रती यांतून लागतो. १९५६ वर आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली आहेत, पण एका खेड्यातील शिक्षकाच्या टेबलावर त्या वर्षी नेमके काय बदलले हे फारसे कोणी लिहिलेले नाही. आपली स्मरणिका ते करू शकेल.

कागद हाताळताना एवढे सांभाळा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. रजिस्टर सपाट ठेवून, खिडकीच्या तिरप्या उजेडात, प्रत्येक पानाचा साध्या मोबाइल-कॅमेऱ्याने सरळ वरून फोटो घ्या. कसर लागलेली वही इतर वह्यांपासून वेगळी ठेवा.

उत्तर २ : कॅम्पातली बाय

मुख्याध्यापक सरांनी शाळेच्या दप्तराबद्दल लिहिले, ते मोलाचे आहे. मी इगर्जीच्या बाजूने भर घालते, कारण पॅरिश शाळेचे अर्धे दप्तर फादरांच्या कपाटात असते आणि शाळेची मंडळी तिथवर सहसा पोहोचत नाहीत.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाचे नाव, जन्म व बाप्तिस्म्याची तारीख, आई-वडील आणि धर्ममातापिता यांची नावे असतात, हे सर्वांना माहीत आहे. पण तिच्या समासाकडे लक्ष द्या. १९०७ सालच्या ‘ने तेमेरे’ या रोमच्या आदेशानंतर लग्न कुठेही झाले तरी त्याची नोंद मूळ बाप्तिस्म्याच्या वहीत करणे बंधनकारक झाले. त्यामुळे आपल्या खेड्यात जन्मलेली मुलगी पुढे मुंबईच्या एखाद्या पॅरिशमध्ये लग्न करून राहिली, तर तिथल्या पाद्रींचे पत्र येऊन तिच्या जन्मनोंदीशेजारी त्या इगर्जीचे नाव आणि तारीख लिहिली जाई. शाळेच्या रजिस्टरातील ‘परगावी गेला’ ही नोंद आणि हा समास शेजारी-शेजारी ठेवून वाचलात तर गावातले कॅथलिक कुठे कुठे पांगले याचा जवळजवळ नकाशाच हाती येतो. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतील, पण त्यांचा साचा ठरलेला असतो. चार-पाच नोंदी कोणाकडून समजावून घेतल्या की पुढच्या वाचता येतात.

पोर्तुगीज का, असे गावातली मुले विचारतील, तर त्याचे उत्तर स्मरणिकेत असायला हवे. बेळगावचा धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्र) १९ सप्टेंबर १९५३ रोजी स्थापन झाला आणि मायकल रॉड्रिग्ज हे पहिले बिशप झाले. त्याआधी आपल्याकडच्या कितीतरी इगर्जींची नाळ गोव्याच्या आर्चडायोसीसशी जोडलेली होती. ब्रिटिश हद्दीत राहणाऱ्या कॅथलिकांवर पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा (पोपने पोर्तुगीज राजाला दिलेल्या धर्मसंरक्षणाच्या हक्काचा) अधिकार की थेट रोमने नेमलेल्या मिशनचा, हा वाद एकोणिसाव्या शतकात फार पेटला होता. कॅम्पातील गोरे सैनिक आणि आसपासच्या खेड्यांतील गोंयकार (मूळचे गोव्याचे लोक) यांना एकाच छत्राखाली बसवणे तेव्हा सोपे नव्हते. आपल्या इगर्जीच्या स्थापनेची कागदपत्रे बेळगावात न सापडल्यास पणजीला आल्तिनोवरील आर्चबिशप निवासातही चौकशी करावी. पुढे १९७६ साली कारवारचा धर्मप्रांत बेळगावातून वेगळा झाला, तेव्हा काही पॅरिशांचा पत्रव्यवहार दुभंगला असणार, हेही ध्यानात ठेवा.

आपण घंटा वाजवणाऱ्या मास्तरांचा उल्लेख केला आहे. गोव्यात इगर्जीला जोडलेली पॅरिश शाळा शतकानुशतके चालत आली. तिथे मेस्त (इगर्जीचा संगीतशिक्षक) मुलांना प्रार्थना आणि अक्षरे शिकवी आणि त्यासोबत सोल्फ (स्वरवाचन) व व्हायोलिनही शिकवी. त्या शाळांतून निघालेले वादक पुढे ब्रिटिशांच्या लष्करी बँडांत आणि नंतर मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत गेले. आपल्या गावची शाळा त्याच परंपरेतील शेवटच्या टोकाची. फरक इतकाच की, घाट चढून आल्यावर मेस्ताच्या हाती मराठी क्रमिक पुस्तक आले. म्हणून इगर्जीच्या माडीवर धूळ खात पडलेल्या हस्तलिखित स्वरलिपीच्या वह्या आणि तारा तुटलेली व्हायोलिनेही शाळेच्याच इतिहासात मोडतात. रेल्वेलाही विसरू नका. १८८० च्या दशकात लोंढा-कॅसलरॉक मार्गाने मुरगावपर्यंत गाडी सुरू झाली आणि रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली गोंयकार कुटुंबे लोंढ्याच्या परिसरात वसली. १९५५ मध्ये गोव्याची हद्द बंद झाली ती १९६१ च्या डिसेंबरातच मोकळी झाली. मधल्या काळात इथल्या घरांचे तिथले नातेवाईक फेस्ताला (इगर्जीच्या सणाला) येऊ शकले नाहीत, सोयरिकी अडल्या. माझ्या आजीच्या पिढीला ‘सीमा’ म्हटले की कॅसलरॉकच आठवत असे. निपाणीपलीकडची सीमा फार नंतर त्यांच्या बोलण्यात आली.

स्मरणिकेच्या आराखड्यात फादरांची छायाचित्रे कालानुक्रमे आहेत, मग सिस्टरांची कुठे आहेत? फादर दर काही वर्षांनी बदलत. वर्गात, बोर्डिंगमध्ये, शिवणाच्या तासाला आणि आजारी मुलाच्या उशाशी असत त्या सिस्टर आणि तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या टीचरबाई. गावातील हिंदू आणि मुसलमान आई-बापांनी मुली शाळेत पाठवल्या त्या सिस्टरांच्या भरवशावर, हे मी माझ्या आईकडून अनेकदा ऐकले आहे. त्यांची नावे काढणे कठीण जाते, कारण त्या आपल्या संस्थेच्या नावात स्वतःचे नाव विरघळवून टाकतात. तरी त्यांच्या मातृगृहाला (संस्थेच्या मुख्य मठाला) पत्र लिहिल्यास कोणत्या वर्षी कोण होते ते कळू शकते.

भाषेच्या वादाबद्दल एक गोष्ट सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेचा दस्तऐवज संमत केला आणि लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा (इगर्जीतील मुख्य उपासना) करण्याची वाट मोकळी झाली. आपल्या धर्मप्रांतात आज कोंकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चारही भाषांत मिस्सा होतात. घरची भाषा कोंकणी आणि गोव्यातून येणारी प्रार्थनापुस्तके रोमी लिपीत, असे असतानाही खानापूरकडच्या इगर्जींत मराठी मिस्सेला वाचक मिळाले, गाणारे मिळाले, विनंतीप्रार्थना लिहून आणणारे मिळाले, ते पॅरिशच्या मराठी शाळांमुळे. ज्या पिढीने नुसती इंग्रजी शाळा पाहिली, तिला ही गोष्ट माहीत नसते. स्मरणिका मराठीत काढली तर कोंकणीचा अपमान होतो असे मला वाटत नाही. शाळेचे बहुतेक दप्तरच मराठीत आहे.

उत्तर ३ : शिक्षणहक्क

माध्यमाच्या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे आणि ती आपल्या शाळेच्या वारशाशी थेट निगडित आहे, म्हणून लिहितो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) नुसार धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. आपली शाळा या दोन्ही अर्थांनी अल्पसंख्याकांची आहे, म्हणजे धर्माने ख्रिस्ती आणि भाषेने मराठी. खानापूर तालुक्यात मराठी माणसाला आपण अल्पसंख्य आहोत असे कधी वाटत नाही, आणि सीमालढ्यातील कार्यकर्त्याला तर तो शब्दच रुचत नाही. परंतु अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ साली स्पष्ट केले. त्यामुळे गावात बहुसंख्य असलेली मराठी मुले कर्नाटकच्या हिशेबात अल्पसंख्य ठरतात. हा विरोधाभास राजकीय सभेत अडचणीचा असला तरी शाळेच्या पथ्यावर पडणारा आहे. प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगणारा अनुच्छेद ३५० अ हादेखील १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतूनच आला. ज्या वर्षी आपला जिल्हा दुसऱ्या राज्यात गेला त्याच वर्षीची ही तरतूद आहे.

आता मराठी वर्ग रिकामे का झाले ते पाहू. कर्नाटक सरकारने २९ एप्रिल १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच असावे असे ठरवले. हा आदेश दीर्घकाळ न्यायालयात होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी निर्णय दिला की, मातृभाषेचे माध्यम राज्य सक्तीने लादू शकत नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे. या निकालाने आपल्या शाळेची गोष्ट उलटी फिरली. एरवी कन्नडसक्तीच्या विरोधात आपण ज्या तत्त्वाचा आधार घेतला, म्हणजे माझ्या मुलाची भाषा मी ठरवीन, त्याच तत्त्वाने मराठी पालक इंग्रजीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपल्या गावातील जे पालक उतरले होते, त्यांच्या नातवंडांची नावे आज कोणत्या इमारतीतील हजेरीपटावर आहेत, हे स्मरणिकेत कोणालाही न दुखावता लिहिता येईल का, याचा विचार करावा. मला स्वतःला तो या विषयातील सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. मराठी शाळा ओस पडल्याचे सारे खापर बेंगळुरूवर किंवा सारे खापर फादरांवर फोडणे सोयीचे असले तरी पुराव्याला धरून नाही. त्याचबरोबर हेही खरे की, एकाच आवारात नवा रंग, संगणक आणि बस इंग्रजीच्या वाट्याला आणि गळके छप्पर मराठीच्या वाट्याला आले, तर पालकांची निवड पूर्णपणे मोकळी होती असे म्हणता येत नाही.

व्यवहारातली एक सूचना करतो. मराठी माध्यमाची सरकारमान्य पाठ्यपुस्तके कर्नाटकातच छापली जातात आणि मान्यता अजून कायम असेल, तर पटसंख्या घटली म्हणून व्यवस्थापनाने मराठी विभाग बंद करण्याचा अर्ज घाईने करू नये. बंद केलेला विभाग पुन्हा सुरू करणे म्हणजे नव्या मान्यतेच्या फेऱ्यांत अडकणे.

उत्तर ४ : शेवटचा बाक

वरची सर्व उत्तरे वाचली. अभ्यासपूर्ण आहेत, पण त्यांतून शाळा जरा जास्तच उजळून निघाली आहे. मी अशाच एका पॅरिश शाळेत शिकलो; कोणत्या ते सांगत नाही. दोतोर्नच्या तासाला आम्हा बिगर-कॅथलिक मुलांना बागेला पाणी घालण्याचे काम असे, याचे आम्हाला काही वाटत नसे, उलट आनंदच होई. पण पुढच्या बाकावर कोण आणि मागच्या बाकावर कोण हे इगर्जीच्या शाळेतही गावाच्या रीतीनेच ठरत असे. खुद्द कॅथलिकांतही जुन्या जातीच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या आणि लग्नाच्या वेळी त्या उघड्या पडत. छडीबद्दल तर लिहायलाच नको.

सर, आपण ‘धर्म व जात’ या रकान्यावरून घाईने पुढे गेलात. तिथेच थांबायला हवे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम, पंजाबातील काही शीख जाती सोडल्यास, फक्त हिंदूंना होता; पुढे १९५६ मध्ये सर्व शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाही. मास्तरांनी त्या रकान्यात एखाद्या मुलासमोर काय लिहिले, नुसते ‘ख्रिश्चन’ की आणखी काही, यावर त्याच्या पुढच्या दाखल्याची, शिष्यवृत्तीची आणि नोकरीची वाट ठरत गेली. ज्या कुटुंबांचे यात नुकसान झाले, तीही पॅरिशचीच कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी कोणी बोलायला तयार असेल तर परदेशातील एखादे मनोगत कमी करून त्यांना दोन पाने द्या.

प्रश्नकर्त्याचे निवेदन : मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. समितीच्या बैठकीत ही सारी उत्तरे मी मोठ्याने वाचून दाखवली. सिस्टरांच्या मुद्द्यावर सर्वांचे तत्काळ एकमत झाले आणि त्यांच्या मातृगृहाला पत्र पाठवण्याचे फादरांनी स्वतःहून मान्य केले. स्मरणिकेचा मुख्य मजकूर मराठीत, कोंकणीत काही गीते व आठवणी, आणि परगावी वाढलेल्या नातवंडांसाठी शेवटी इंग्रजीत संक्षिप्त इतिहास, असे ठरते आहे. १९५६ वरील प्रकरण मी लिहीन. माध्यमाविषयीच्या प्रकरणाला मात्र कोणी हात लावायला तयार नाही. इंग्रजी विभागाच्या पालकांची देणगी मोठी आहे, हे त्याचे कारण कोणी बोलून दाखवले नाही, तरी सर्वांना ठाऊक आहे.

एक अडचण उरते. जनरल रजिस्टरची पाने छायाचित्र म्हणून छापावीत, असे काही जण म्हणतात. त्यात जात आहे, ‘वर्तणूक’ आहे, काही ठिकाणी वडिलांच्या नावाची जागा रिकामी आहे. हयात माणसांच्या बाबतीत हे छापणे मला योग्य वाटत नाही. आपण काय कराल?

उत्तर ५ : निवृत्त मुख्याध्यापक, टिळकवाडी

छापू नका. शेवटच्या बाकावरच्या मित्राने उपस्थित केलेला मुद्दा योग्यच आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ते पान जसेच्या तसे बाहेर जाता कामा नये. मूळ नोंदी वाचून काढा आणि नावे वगळून दशकवार तक्ते करा : किती मुले दाखल झाली, किती मुली, कोणत्या वाडीतून, कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या कारणाने गळती झाली. चित्र म्हणून रजिस्टरचे वेष्टन आणि रकान्यांच्या शीर्षकांची ओळ छापली तरी पुरते. बाप्तिस्म्याच्या वहीला हा नियम अधिकच कडकपणे लावा. ती पॅरिशच्या ताब्यातील दस्तऐवज आहे, तिचे फोटो फादरांच्या लेखी परवानगीशिवाय घेऊ नका आणि कोणत्याही गटावर टाकू नका. एखाद्या कुटुंबाला आपली नोंद छापून हवी असेल तर त्यांनी तसे लिहून द्यावे.

माध्यमाचे प्रकरण कोणी लिहीत नसेल तर गोषवाऱ्याचे दोन तक्ते शेजारी-शेजारी द्या, एक मराठी विभागाच्या पटाचा आणि एक इंग्रजी विभागाच्या पटाचा, वर्षवार. खाली भाष्य करू नका. आणि फोटो काढण्याचे काम मृगापूर्वी उरका. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस धरला की ती कपाटे ऑक्टोबरपर्यंत उघडण्याजोगी राहत नाहीत.